नास्तिकाच्या नावाने एक मासिक

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेला, दापोली तालुक्यातल्या मुरुडला रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या कुटुंबाचं घर. महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा देव मानत नव्हता आणि ते लपवतही नव्हता.

र. धों. मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवत. कॉलेज मिशनऱ्यांचं. कर्व्यांनी चालवलेला संततिनियमनाचा उघड प्रचार त्यांना रुचेना. नोकरी की प्रचार, असा पेच पडला तेव्हा 1925 साली कर्व्यांनी नोकरी सोडली. 1927च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघालं. पत्नी मालतीबाईंची साथ होती, पैशांची नव्हती. लैंगिक शिक्षण हा मासिकाचा मुख्य विषय, पण धर्म आणि नीती यांची फारकत हा त्यामागचा पाया. चांगलं वागायला देवाची भीती लागते, हे त्यांना मान्यच नव्हतं.

त्याच 1927 साली दंडसंहितेत कलम 295-अ आलं. धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं गुन्हा ठरलं.

कर्व्यांना मात्र या कलमाखाली कुणी गाठलं नाही. पुण्यातल्या सनातन्यांनी 1931 साली त्यांना कोर्टात खेचलं ते अश्लीलतेच्या आरोपाखाली. कारण ‘व्यभिचाराचा प्रश्न’ हा लेख. दंड झाला शंभर रुपये. दुसरा खटला वाचकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांवरून उभा राहिला. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण, असल्या शंका घरात कुणाला विचारायची सोय नव्हती, म्हणून माणसं मासिकाला लिहीत. या वेळी वकीलपत्र घेतलं बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक प्रश्नांना वाहिलेल्या मासिकाने वाचकांच्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही तर काय करायचं, असा त्यांच्या बचावाचा रोख होता. 1934 साली निकाल विरुद्ध गेला. दंड दोनशे.

त्याच वर्षी मुंबईतच दुसऱ्या एका नास्तिकाचा निकाल लागला. ‘रीझन’ या बुद्धिवादी मासिकाचे डॉ. चार्ल्स लायोनेल डी’आव्हॉइन यांच्यावर ‘धर्म आणि नीती’ अशा विषयावरच्या लेखासाठी 295-अ लावलं होतं. ते निर्दोष सुटले. धर्मावर थेट टीका करणारा सुटतो आणि शरीराविषयी शास्त्रीय उत्तर देणारा दंड भरतो, हा विरोधाभास मन अस्वस्थ करतो. सनातन्यांना कर्व्यांचा नास्तिक विचारच खुपत होता. तो मोडायला अश्लीलतेचं कलम सोयीचं पडलं, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

कर्व्यांनी मासिक चालूच ठेवलं. 1953च्या ऑक्टोबरात ते गेले, आणि नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला.

त्याआधीच राज्यघटनेच्या 25व्या कलमाने सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य दिलं होतं. पण सरकारी फॉर्मवरचा ‘धर्म’ हा रकाना तसाच राहिला. तो भरायचा नाही म्हणून डॉ. रणजित मोहिते आणि त्यांचे दोन सहकारी मुंबई उच्च न्यायालयात गेले. ते नास्तिक नव्हते, ख्रिस्ताला मानणारे होते. फक्त कोणताही धर्म आपला म्हणायची त्यांची तयारी नव्हती. सरकारी छापखान्याने राजपत्रात तशी नोंद करायला नकार दिला होता. 23 सप्टेंबर 2014 रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठाने स्पष्ट केलं: आपला कोणताच धर्म नाही असं म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि धर्म सांगायची सक्ती सरकार कुणावर करू शकत नाही.