समुद्र कधी उघडतो?

शिर्डीहून सरळ पश्चिमेला रेघ ओढली तर ती पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरांवर समुद्राला मिळते. मध्ये सह्याद्री आडवा आहे. तरीही शिर्डी-राहाता परिसरातल्या शिक्षकांशी बोलताना समुद्राबद्दलचा एक प्रश्न आमच्यापुढे अलीकडे दोन-तीनदा आला. मालवणला जाऊन पाण्याखाली डोकावून आलेली मुले वर्गात विचारतात, "सर, आठवडाभर बोटीवरच राहायचे आणि रोज तीन-चारदा पाण्यात उतरायचे असेल, तर कधी जायचे आणि कुठे?" अशा सहलींना लिव्हअबोर्ड म्हणतात. जाहिरातींत त्यांचे छापील तक्ते असतात, एका रकान्यात महिना आणि दुसऱ्यात ठिकाण.

प्रश्न मात्र नवा नाही. अरबी समुद्रावर बोटीत मुक्काम करणाऱ्या प्रत्येकाला तो गेली दोन हजार वर्षे सोडवावा लागला आहे. आणि या इतिहासात एक गोष्ट फिरून फिरून दिसते: महिना आणि ठिकाण हे दोन प्रश्न नाहीत. एकच वारा दोन्हींचे उत्तर देतो.

'मान्सून' हा शब्दच पाहा. अरबी 'मौसिम' म्हणजे ठरलेली वेळ, ऋतू. आपला 'मोसम' त्याच शब्दाचा भाऊ. आपण शेतकऱ्याच्या नजरेने मान्सून म्हणजे पाऊस समजतो. खलाशाच्या लेखी तो प्रवासाचा हंगाम होता. पंधराव्या शतकातल्या अहमद इब्न माजिद या अरब नाखव्याने आपल्या ग्रंथात कोणत्या बंदरातून केव्हा निघावे याचा तपशील नोंदवून ठेवला आहे. त्याच्याही आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, एका ग्रीकभाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत इजिप्तहून भारताकडे जुलैत निघावे असा सल्ला आहे. भर पावसाळ्यात? नकाशा पुढे घेतला की कोडे सुटते. जुलैत निघालेले जहाज तांबडा समुद्र उतरून खुल्या समुद्रात येईपर्यंत नैर्ऋत्य वाऱ्याचा जोर ओसरू लागलेला असे. जहाज त्या वाऱ्याची शेपटी धरून येई आणि आपल्या किनाऱ्याला लागे तेव्हा पावसाळा सरत आलेला असे. परतीला डिसेंबर-जानेवारीतला ईशान्य वारा होताच. याच पुस्तकात कल्याण, पैठण आणि तेर यांची नावे आहेत. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्याच नेवाशाला उत्खनन केले. तिथे अँफोरा जातीच्या रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली. समुद्राचा मोसम गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोचला होता तो असा.

कोकणातल्या कोळ्यांनी हेच गणित पौर्णिमेला बांधले. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि मग होडी लोटायची. शिर्डीच्या वाचकांसाठी खूण सोपी आहे. गुरुपौर्णिमेची गर्दी होते तेव्हा समुद्र बंद असतो. पुढच्या पौर्णिमेला तो उघडतो. अधिक श्रावण आला तर हे अंतर दोन महिन्यांचे होते. २०२३ मध्ये गुरुपौर्णिमा ३ जुलैला होती आणि नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला. सरकारी बंदी सूर्याच्या पंचांगाने चालते: यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी मना. दोन्ही पद्धतींमागचा हिशेब एकच आहे. त्या दिवसांत लाटा तीन-चार मीटर, कधी त्याहून उंच असतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेतच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. प्रवास जेमतेम तासा-दीड तासाचा होता.

इथवरचा इतिहास समुद्र टाळण्याचा आहे. पुढचा भाग आम्हाला अधिक रंजक वाटतो, कारण त्यात टाळण्याची किंमत दिसते.

१९३३ च्या सप्टेंबरात 'मबाहिस' हे इजिप्तचे छोटे जहाज अलेक्झांड्रियाहून अरबी समुद्राकडे निघाले. जॉन मरे मोहीम म्हणून ती प्रसिद्ध आहे. नेते होते सेमूर सेवेल, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक. शास्त्रज्ञ महिनोन्‌महिने त्या जहाजावर राहिले. समुद्रतळावरच्या डोंगररांगा त्यांनी मोजल्या. मधल्या खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसलेला पाण्याचा जाड थर आहे, हेही त्यांच्या नोंदींतून पुढे आले. पण तारखांकडे लक्ष द्या. मोहीम पावसाळा संपता संपता निघाली आणि मे १९३४ मध्ये परतली. नैर्ऋत्य वारा सुटला की या समुद्रात काय घडते, ते पाहायला जहाज तिथे नव्हतेच.

ती उणीव भरून निघायला तीस वर्षे लागली. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. तीत भारताचे 'कृष्णा' हे नौदलाचे जहाजही होते. १९६३ च्या ऐन पावसाळ्यात ब्रिटनचे 'डिस्कव्हरी' जहाज अरबस्तानच्या किनाऱ्यासमोर गेले. वारा पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते, हे तिथे प्रत्यक्ष मोजले गेले. या पाण्यात फॉस्फेट-नायट्रेट भरपूर असते. म्हणजे शेताला खत मिळावे तसे समुद्राला मिळते. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्मजीव, बेसुमार वाढतात आणि पाणी हिरवे होते. जो मोसम सगळे टाळत होते, तोच समुद्राच्या पेरणीचा मोसम निघाला. याच मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. ती आज गोव्यात दोनापावला इथे आहे.

डायव्हिंगला जाणाऱ्याने हे का जाणून घ्यावे? निळे, नितळ पाणी म्हणजे उपाशी पाणी. ज्याला पाण्याखाली लांबवरचे पाहायचे आहे, त्याला हा उपाशी समुद्र हवा असतो. ज्याला मोठे प्राणी पाहायचे आहेत, त्याला गढूळपणा सोसावा लागतो. मालदीवमध्ये पाकट कुळातले प्रचंड मँटा प्लवकाच्या मागे जातात. म्हणून ईशान्य वाऱ्यात ते बेटांच्या पश्चिम अंगाला आणि नैर्ऋत्य वाऱ्यात पूर्व अंगाला सापडतात. तिथला जाणता नाखवा मोसमाप्रमाणे बोट कंकणद्वीपाच्या या बाजूहून त्या बाजूला नेतो. ऑस्ट्रियाच्या हान्स हास यांनी १९५७-५८ मध्ये 'झारिफा' या तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर शास्त्रज्ञांना घेऊन मालदीव आणि निकोबारपर्यंत सफर केली. दिवसा पाण्यात आणि रात्री जहाजावर, हा त्यांचा शिरस्ता. आजच्या लिव्हअबोर्ड सहलींचे पूर्वज शोधायचे तर आम्ही या जहाजापाशी थांबू.

आता आपला किनारा. मालवणला डायव्हिंग ऑक्टोबरमध्ये सुरू होते, असे सर्रास सांगतात. पाऊस थांबलेला असतो, लाटा बसलेल्या असतात. तरी ऑक्टोबर फसवा आहे. गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यासमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे ठरावीक जागी पाणी तपासत आले आहेत. पावसाळ्यात खालून प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे सरकते. सह्याद्रीवरून उतरलेले गोडे पाणी हलके असल्याने झाकणासारखे वर पसरते आणि हवेतला प्राणवायू खाली पोचू देत नाही. वरून मेलेले प्लवक पडत राहते, ते कुजताना उरलासुरला प्राणवायू संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पंचवीस-तीस मीटर खोल तळाशी तो जवळजवळ शून्यावर येतो. सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये याविषयी लिहिले. नोव्हेंबरपासून किनाऱ्यालगतचा प्रवाह उलटतो, दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहू लागतो, आणि पाणी हळूहळू निवळते. शिर्डीत जेमतेम पाचशे मिलीमीटर पाऊस पडतो, कारण ढग सह्याद्रीच्या पलीकडे रिते होतात. तिकडे रिते झालेले तेच पाणी समुद्रावर झाकण घालते, ही गोष्ट भूगोलाच्या तासाला सांगण्यासारखी आहे.

पाणी किती नितळ आहे हे मोजायला महागडी उपकरणे लागत नाहीत. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलज्ञाने पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडली आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदली. आजही हीच पद्धत वापरतात. वीस सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी, खाली वजन आणि गाठी मारलेली दोरी घेऊन शेततळ्यावर किंवा गोदावरीच्या कालव्याच्या पुलावर दरमहा हा प्रयोग करता येईल. शिक्षक शेजारी हवेतच. ऑगस्टचा आकडा आणि जानेवारीचा आकडा शेजारी मांडला की मुलांना मोसम दिसतो.

महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने लिव्हअबोर्डची जागा एकच आहे: आंग्रिया बँक. कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळालेले हे बुडालेले पठार विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरांहून थोडे पुढे, उत्तर-दक्षिण सुमारे चाळीस किलोमीटर पसरले आहे. नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही, म्हणून प्रवाळ आहेत. जायचे तर बोटीवर झोपण्यावाचून इलाज नाही. पठाराचा माथाही पाण्याखाली वीस मीटरांवर आहे. तिथे दाब हवेच्या तिप्पट असतो आणि नवख्याला सहसा अठरा मीटरपर्यंतच उतरू देतात. मालवणला एकदा बुडी मारली म्हणून तिथे जाता येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये अनेक संस्थांच्या शास्त्रज्ञांनी मिळून तिथली पाहणी केली. त्या वर्षी अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली होती. एरवी सरासरी एक होते.

ही वादळे मोसमाच्या दोन्ही टोकांना येतात, मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रातला पी-३०५ हा कामगारांच्या मुक्कामाचा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. वाचली त्यापैकी १८० च्या वर. वादळाचा इशारा आधी मिळालेला होता.

तेव्हा मुलांना सांगायचे उत्तर असे की, कोकणासमोर बोटीवर राहून डायव्हिंग करायचे तर डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. आपल्या शाळांच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या नेमक्या चुकीच्या वेळी येतात. दिवाळीत तळाचे पाणी अजून सावरलेले नसते आणि वादळांचे दिवस असतात. मे महिन्यात पाणी उबदार व बरेचदा नितळ असते, पण किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरांवर मुक्कामाला असताना वादळाने गाठले तर जवळ आसरा नाही. मे महिन्यात जायचेच असेल तर सकाळी जाऊन दुपारी परतता येईल अशी मालवणच्या किनाऱ्याजवळची जागा निवडावी, आणि आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छिमारांसाठीचा इशारा वाचावा.