सूचिछिद्र प्रतिमाग्राहकापासून मोबाइलपर्यंत



‘स्मरणिकेसाठी इतिहासाचा एक लेख तू लिही,’ असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा घरात सगळे हसले. सनावळ्यांच्या पेपरात माझी कशी गाळण उडायची, हे तुमच्याही लक्षात असेल. तरी मी होकार दिला आणि विषयही मीच मागून घेतला. त्याला कारण आपले विज्ञानाचे सर.

आठवीत सरांनी आपल्याकडून सूचिछिद्र प्रतिमाग्राहक करून घेतला होता. बुटाचे खोके, आतून काळा कागद, एका बाजूला सुईने पाडलेले छिद्र आणि दुसऱ्या बाजूला तेल लावलेला पातळ कागद. मेणबत्तीची ज्योत त्या कागदावर उलटी दिसली तेव्हा वर्गात केवढा गलका झाला होता! नाव उच्चारताना निम्म्या वर्गाची बोबडी वळायची, पण कॅमेरा म्हणजे काय ते त्या दिवशी समजले. दहा वर्षांच्या शालेय शिक्षणात कॅमेऱ्याबद्दल आपल्याला मिळालेला तो पहिला आणि शेवटचा धडा.

मेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा निवृत्त शिक्षकांच्या मुलाखती चित्रित करून पडद्यावर दाखवायचे ठरले. काम आताच्या नववीतल्या चार विद्यार्थ्यांना दिले आणि देखरेख माझ्याकडे आली. पहिली मुलाखत सरांची. सर तासभर रंगून बोलले. घरी येऊन चित्रण लावले आणि पोटात गोळा आला. सरांच्या घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना. आपल्या कानांना त्या खटखटीची इतकी सवय, की मुलांच्या आणि माझ्याही ती ध्यानात आली नाही. मोबाइलला ती सवय नव्हती. पडद्यावर सरांचे ओठ हलतात, हात हवेत खोके तयार करतात, आणि ऐकू येतो तो फक्त धोटा. माग बंद असतील अशा सुट्टीच्या दिवशी पुन्हा जायचे ठरवले. त्याआधीच सर गेले.

चूक माझी होती, मुलांची नव्हे. पण त्यांच्यातल्या एका मुलीने मला विचारले, “काका, हे शाळेत का शिकवत नाहीत?” त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जो इतिहास वाचला, तो इथे मांडतो.

कोल्हापूरचा कारखाना

आपल्या गावात १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच, आपल्यापासून तीसेक किलोमीटरवर कोल्हापुरात, दुसऱ्याच एका यंत्राने काही कारागिरांना झपाटले होते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ नाटकांचे पडदे रंगवत. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला. त्यानंतर आपणही चित्रपट काढावा असे या भावांच्या मनाने घेतले. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून तो स्वतःच बनवायचा असे ठरले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने तो कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. पैशाची मदत तानीबाई कागलकर या गायिकेने केली. कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात झळकला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

या मंडळींना हे कुणी शिकवले? कुणीच नाही. वस्तू उघडायची, पुन्हा जोडायची, बिघडली तर कारण शोधायचे, हीच शाळा. व्ही. शांताराम विशीच्या उंबरठ्यावर या कंपनीत आले. त्याआधी ते नाटक कंपनीत होते, रेल्वेच्या वर्कशॉपमध्येही होते. कंपनीत पडेल ते काम करत ते अभिनय शिकले, छायाचित्रण शिकले, संकलन शिकले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये ते तरुण शेतकरी झाले. सावकाराच्या तावडीत जमीन जाते आणि शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो, अशी नारायण हरी आपटे यांची ही कथा. इचलकरंजीत अशा कथा पडद्यावर पाहायला जावे लागत नाही. खेड्यातली शेती सोडून मागावर आलेल्यांची मुले आपल्या प्रत्येक वर्गात होती.

म्हणजे चित्रपटाचे शिक्षण आपल्या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाले, पण ते कारखान्यात. कांडी भरता भरता मुलगा माग चालवायला शिकतो, तसे. त्यात हात तयार होतो, नजर तयार होते. मात्र उस्तादाच्या दारात पोचला त्यालाच विद्या मिळते. दार कुठे आहे हेच ज्याला माहीत नाही, तो बाहेरच राहतो.

कारखान्याची संस्था झाली

१९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ मध्ये तिचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला, आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ची दखल पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात घेतली गेली. कोल्हापूरच्या कारखान्यात घडलेल्या हातांची ही कमाई.

पुढे प्रभात बंद पडली. तिच्या पुण्यातल्या आवारात १९६० मध्ये केंद्र सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली, ती आजची एफटीआयआय. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच स्थापन झाले. आता विद्येला अभ्यासक्रम मिळाला, परीक्षा मिळाली, प्रमाणपत्र मिळाले. उस्तादाची ओळख असण्याची गरज संपली. पण तिथल्या बहुतेक अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते. ज्या वयात शांताराम कंपनीत पडेल ते काम करत होते, त्या वयाच्या मुलाला या दारातूनही आत जाता येत नव्हते. शाळा तर या चित्रात कुठेच नव्हती.

बघणारी मुले

शाळकरी मुलांचा विचार झालाच नाही असे नाही. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. १९५५ मध्ये केंद्र सरकारने मुलांच्या चित्रपटांसाठी बालचित्र समिती स्थापन केली. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि दूरदर्शनवर मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम दिसू लागले. ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली, तर बालचित्र समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

या सगळ्यात मूल कुठे बसले होते? पडद्यासमोर. मुलांसाठी चित्रपट काढले जात होते. मुलांनी चित्रपट काढावा ही कल्पना अजून दूर होती.

आपल्या गावात मात्र जुन्या वळणाची शाळा वेगळ्या नावाने चालूच होती. व्हिडिओ कॅसेट आली आणि लग्नाचे शूटिंग सुरू झाले. आपल्याच वर्गातला एकजण दहावीनंतर फोटो स्टुडिओत उमेदवारीला लागला. पहिले वर्ष त्याने फक्त लाइट धरला आणि वायरी गुंडाळल्या. दोन व्हीसीआर जोडून एकावर चालवायचे, दुसऱ्यावर उतरवायचे, हे संकलन. बटण दाबायला क्षणभर उशीर झाला की मंगलाष्टकाची ओळ तुटायची आणि सगळे पुन्हा. (‘माझे नाव लिहू नकोस’ असे त्याने बजावले आहे, पण तुम्ही ओळखलेच असेल.) आपल्या वर्गातल्या एकाही मुलीला कॅमेरा हातात धरायला मिळाला नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. कारखान्यातल्या शाळेची ही दुसरी मर्यादा.

आता

आज कॅमेरा प्रत्येक घरात आहे. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा गावोगावच्या शिक्षकांनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर फळा टेकवून धडे चित्रित केले. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यातून मुलांपर्यंत चित्रफिती पोचवण्याचे त्यांचे काम जगाने पाहिले. कोल्हापुरात ‘चिल्लर पार्टी’ या विद्यार्थी चित्रपट चळवळीने शाळकरी मुलांना जगभरचे चांगले चित्रपट दाखवायला सुरुवात केली. शिकवणारे आणि दाखवणारे वाढले.

करायला शिकवण्यात केरळने पुढचे पाऊल टाकले. तिथल्या सरकारने २०१८ मध्ये ‘लिटल काइट्स’ नावाने हायस्कुलांत विद्यार्थ्यांचे गट सुरू केले. संगणकाच्या बरोबरीने ही मुले अॅनिमेशन आणि चित्रीकरणही शिकतात, शाळेतल्या कार्यक्रमांच्या बातम्या स्वतः तयार करतात. कॅमेरा आणि शिकवणारा शाळेतच असल्यामुळे दार शोधत हिंडावे लागत नाही.

पॅरिसमधल्या सिनेमाथेक फ्रान्सेझ या संस्थेच्या शालेय उपक्रमातला एक सराव मला फार आवडला. कॅमेरा एका जागी ठेवायचा, हलवायचा नाही, आणि एकच मिनिट चित्रण करायचे. सिनेमाची सुरुवात अशीच झाली. १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून खेळ केला, त्यातली पहिली फीत जेमतेम मिनिटभराची होती: लियाँच्या त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार.

हे वाचून मी थबकलो. कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार! आपण आयुष्यभर रोज दोन वेळा हेच पाहिले आहे.

मग त्या चार मुलांना घेऊन एका कारखान्याच्या दारासमोर, पाळी बदलायच्या वेळी, मोबाइल स्टुलावर ठेवला. आधी मालकांची आणि कामगारांची परवानगी घेतली. एक मिनिट. एक म्हातारे जॉबर दारात थांबून कपड्यांवरचा कापूस झटकतात. कांडी भरणारी बाई डबा पिशवीत घालता घालता मागे वळून कुणाला तरी काही सांगते. दिवाणजी घड्याळ पाहतात. दोन पोरे एका गाडीवर बसून निघून जातात. बस्स, एवढेच. पण त्या मुलीने ते मिनिट अकरा वेळा पाहिले आणि म्हणाली, “हे आजोबा कापूस झटकतात ते मी रोज बघते, पण आज दिसले.” साधे माग भंगारात चालले आहेत. आणखी काही वर्षांनी असा कापूस झटकणारा माणूस दारात दिसेल की नाही, सांगता येत नाही.

एक मागणे

म्हणून या मेळाव्याच्या निमित्ताने माझी एक सूचना आहे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला देणगी द्यायचीच आहे, तर त्यातून एक तिपाई, दोन कॉलर माइक आणि एक हार्ड डिस्क घेऊ. नववीच्या मुलांसाठी सहा शनिवार मागून घेऊ. पहिला शनिवार फक्त ऐकण्याचा: डोळे मिटून पाच मिनिटे बसायचे आणि खोलीत कोणकोणते आवाज आहेत ते लिहायचे. दुसरा त्या एका मिनिटाचा. तिसरा प्रश्न विचारून गप्प बसण्याचा. चौथ्या दिवशी प्रत्यक्ष मुलाखत. पाचव्या दिवशी तासाभराच्या चित्रणातून तीन मिनिटे निवडायची. सहाव्या दिवशी ज्यांची मुलाखत घेतली त्यांनाच आधी ती दाखवायची आणि त्यांचा होकार असेल तरच पुढे न्यायची. माइकचा भाग शिकवायला आपला तो निनावी मित्र तयार आहे. वरातीच्या बँडमधून नवरदेवाचा आवाज पकडलेला माणूस आहे तो!

‘पोरांच्या हातातून मोबाइल सुटत नाही, त्यात तुम्ही आणखी भर घालता,’ असे एका पालकांनी मला ऐकवले. त्यांची काळजी खोटी नाही. पण तासभर बोट सरकवत बसणे वेगळे आणि एक मिनिट टिपण्यासाठी तासभर वाट पाहणे वेगळे. दहावीच्या गुणांचे काय, असेही विचारले जाईल. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटला आपण बसलो, म्हणून सगळे चित्रकार झालो नाही. पण पाहायला थोडेफार शिकलो. इथेही तेवढेच मागायचे आहे.

आणि शेवटचे. सरांच्या त्या चित्रणातला मागाचा आवाज काढून टाकून वर संगीत घालावे, असे मुलांना वाटत होते. मी नको म्हणालो. मेळाव्यात त्यातली दोन मिनिटे आहेत तशीच दाखवणार आहोत. सरांचे हात हवेत खोके बनवतील, छिद्र पाडतील, ज्योत उलटी करून दाखवतील. ते काय बोलत आहेत हे ऐकू येणार नाही, पण ते ओळखणारे आपण सगळे त्या सभागृहात असू. ज्याला जे आठवेल ते त्याने बाजूच्या खोलीत येऊन सांगायचे. नववीची मुले तिथे कॅमेरा लावून बसणार आहेत.

खोलीचे दार लावून घेतलेले असेल, आणि पंखा बंद. उकडेल थोडे, पण सोसून घ्या.