जरा, मरण आणि तथागतांची अखेरची चारिका

वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ गौतमाने गृहत्याग केला, ही कथा सर्वश्रुत आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झालेल्या ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या आरंभीच तिच्याविषयी मूलगामी प्रश्न उपस्थित केला. नित्य घडणाऱ्या या गोष्टी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत सिद्धार्थाच्या दृष्टीस पडल्याच नाहीत, हे कसे संभवते?

पालि साहित्य तपासले असता या प्रश्नाचे बळ ध्यानी येते. दीघनिकायाच्या महापदानसुत्तात ही दृश्ये आहेत. परंतु ती विपस्सी या पूर्वबुद्धाच्या चरित्रात. गौतमाच्या चरित्रात ती सविस्तर गुंफलेली दिसतात ती निदानकथा आणि अश्वघोषाचे बुद्धचरित यांसारख्या उत्तरकालीन रचनांत. मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तात तथागत स्वतः गृहत्यागाची हकिकत सांगतात. तेथे रथ नाही, सारथी नाही. जरामरणाच्या अधीन असलेल्याने तशाच नश्वर गोष्टींमागे का धावावे, हा विचार मात्र आहे. आणि अश्रू ढाळणाऱ्या मातापित्यांसमक्ष केलेला त्याग आहे. मध्यरात्रीच्या गुप्त पलायनाशी तो जुळत नाही.

अंगुत्तरनिकायात हा विचार अधिक स्पष्ट होतो. वृद्धाला पाहून सामान्य माणसास किळस वाटते. आपणही त्याच वाटेचे प्रवासी असताना अशी किळस बाळगणे अनुचित, हे उमगले आणि तारुण्याचा मद गळून पडला, असे तथागत सांगतात. येथे जरा हे भयाचे कारण नसून अहंकार ओळखण्याचे साधन आहे.

प्राचीन सुत्तांनी तथागतांचे वार्धक्यही लपविले नाही. संयुत्तनिकायात भदंत आनंद त्यांचे अंग चोळीत असताना सुरकुतलेली त्वचा आणि पुढे झुकलेला देह पाहून विस्मित होतात. तथागत ते शांतपणे मान्य करतात. महापरिनिब्बानसुत्तात ऐंशी वर्षांचे तथागत आपल्या देहास कशीबशी बांधून चालविलेल्या जुन्या गाड्याची उपमा देतात. बेलुवगामी ते तीव्र व्याधीने ग्रस्त झाले. तरी त्यांनी उत्तराधिकारी नेमला नाही; प्रत्येकाने स्वतःचा व धम्माचा आधार घ्यावा, असे सांगितले. कुसिनारेत मरणशय्येवर असतानाही भेटीस आलेल्या सुभद्दाला त्यांनी परतविले नाही. आनंदांनी अडविले असता त्याला येऊ देण्यास सांगितले, आणि तो त्यांचा अखेरचा शिष्य ठरला.

जीवनाच्या अर्थाचे उत्तर या चारिकेत आहे. मृत्यू टळत नाही. परंतु अखेरच्या श्वासापर्यंत दुसऱ्याच्या प्रश्नाला वेळ देता येतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतलेल्या तरुणांची पिढी आज वार्धक्याच्या अखेरच्या टप्प्यावर आहे. जयंतीच्या दिवशी त्यांना व्यासपीठावर बसवून आपले कर्तव्य संपत नाही. त्यांच्याजवळ बसावे, त्यांच्या आठवणी टिपून घ्याव्यात. त्यांच्या थरथरत्या हाताकडे पाहताना आपल्या मनात कंटाळा उमटला, तर सुत्तात सांगितलेला तो तारुण्याचा मद आपल्यातही शिल्लक आहे, असे समजावे.