डोंगरपायथ्याचं पाणी

रुक्मिणीचं माहेर म्हणून आपण कौंडण्यपूर जाणतो. ते वर्धेच्या काठी आहे. अमरावतीला मात्र अशी नदी नाही. १८५३मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे आलं, कॅम्प वाढला, तशी पाण्याची नड भासू लागली. मग पूर्वेला पोहऱ्याच्या डोंगरपायथ्याशी वडाळी आणि छत्री तलाव बांधले गेले. आता शहराची वस्ती तिथवर पोचली आहे. नळाला मात्र अप्पर वर्धा धरणाचं, म्हणजे त्याच वर्धेचं पाणी येतं. तलाव फिरायला जाण्यापुरते उरले. वडाळीच्या बांधावर उभा राहिलो, की मला वाटतं, पायथ्याशी घरं जरूर बांधावीत. पण डोंगरातून येणारे ओढे बुजवू नयेत. रुक्मिणीच्या माहेरची नदी एकटी किती जणांना पुरेल?