तंजावरची राणी आणि ऐतिहासिक कादंबरी

राणीचे दरबारी जीवन रंगविताना मराठी ऐतिहासिक कादंबरी बहुधा सवतीमत्सर, विषप्रयोग आणि खलबते यांचा आश्रय घेते. तंजावरच्या भोसले घराण्यात अशा कथेला सामग्री नाही असे नव्हे. दुसऱ्या एकोजींच्या निधनानंतर सुजानबाईंनी १७३७-३८ च्या सुमारास अल्पकाळ राज्य केले. परंतु किल्लेदार सय्यदाचे प्राबल्य आणि गादीवर हक्क सांगणारा प्रतिस्पर्धी यांपुढे त्यांची सत्ता टिकली नाही. कादंबरीकाराला आयतेच लाभावे असे हे कथानक आहे.

तथापि या घराण्यातील राणीपदाची अस्थिरता अधिक खोलवर जाणवते ती कामाक्षीबाईसाहेबांच्या चरित्रात. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजींकडे तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर एवढीच सत्ता उरली होती. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ च्या ऑक्टोबरात पुत्रसंतानावाचून निवर्तले. कन्येचा वारसा मान्य न करता कंपनीने राज्य खालसा केले. एवढ्यावर न थांबता १८५६ च्या ऑक्टोबरात फोर्ब्स या अधिकाऱ्याने लष्कराच्या बळावर राजवाड्यातील मालमत्ताही ताब्यात घेतली. राजाची खाजगी संपत्ती आणि राज्याची संपत्ती यांतील भेद त्या वेळी पुसला गेला.

ज्येष्ठ विधवा या नात्याने कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. जप्ती न्याय्य होती, असे त्या न्यायपीठाने म्हटले नाही. ते सार्वभौम सत्तेचे राज्यकृत्य असल्यामुळे त्याच्या न्याय्यान्याय्यतेचा विचार कोणत्याही न्यायालयास करता येणार नाही, एवढेच ठरविले. पुढे १८६२ मध्ये सरकारने खाजगी मालमत्ता राण्यांना परत दिली खरी. पण ती हक्क म्हणून नव्हे, अनुग्रह म्हणून.

हक्काने मागितलेले नाकारले जावे आणि तेच कृपेने पदरी पडावे, यातील मानहानी हा कादंबरीचा खरा विषय होय. मात्र येथे हाती विषाचा पेला घेतलेला खलपुरुष सापडत नाही. आढळतात ते तहाचे कलम, जप्तीची यादी आणि निकालपत्र. या रुक्ष कागदांतून विधवा राणीची मनोव्यथा उभी करण्यास कल्पनेइतकाच कायद्याचा आणि दप्तराचा व्यासंग लागतो. तो नसेल, तर कामाक्षीबाईही रूढ कादंबरीतील आणखी एक दुःखी राणी ठरतील, आणि वाचकाला त्यांचे अश्रू दिसले तरी त्यांचा दावा दिसणार नाही.