भिंतीवरची बखर : तंजावरचे सरफोजी राजे

मराठ्यांच्या कर्त्या पुरुषांची गणना करताना इतिहासकार शहाजीराजांपासून निघतात आणि महादजी शिंदे, यशवंतराव होळकर यांच्यापाशी थांबतात. तंजावरचे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) या मालिकेत बसत नाहीत. त्यांनी एकही लढाई जिंकली नाही. १७९८ मध्ये इंग्रजांच्या पाठिंब्याने गादी मिळाली, आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे जाऊन राजाला किल्ला, नेमणूक व वसुलाचा पंचमांश एवढेच उरले.

अशा राजाच्या आज्ञेवरून त्याचा चिटणीस बाबूराव याने भोसले कुलाचा इतिहास रचला, आणि तो बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर देवनागरीत कोरला गेला. राजराज चोळाने उभारलेल्या देवालयावर मराठी गद्य! लेखाची मिती शके १७२५, मार्गशीर्ष अमावास्या, म्हणजे १३ डिसेंबर १८०३ ही आहे. तिच्यापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. सप्टेंबरात असईला, नोव्हेंबरात लासवारी व आडगावला मराठी फौजा मोडल्या होत्या. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ तारखेस नागपूरकर रघूजी भोसल्यांनी देवगावचा तह पत्करला. वऱ्हाडात एका भोसल्याचे राज्य आकसत असता दूर कावेरीकाठी दुसरा भोसला आपल्या कुळाची कीर्ती दगडावर उतरवून घेत होता.

याला निव्वळ आत्मगौरव म्हणणे सोपे आहे. परंतु तसे म्हणणारा सरफोजींची अडचण विसरतो. ते दत्तक होते. १७८७ मध्ये तुळजाजींनी त्यांना दत्तक घेतले, ते दत्तविधान पंडितांच्या मतांच्या आधारे कंपनीने अमान्य ठरविले आणि अमरसिंहांना गादीवर बसविले. अकरा वर्षांनी तोच निर्णय फिरला. ज्याचे पुत्रत्वच वादाचा विषय झाले, त्याच्या दृष्टीने वंशावळ हे बखरीतले कंटाळवाणे प्रास्ताविक नव्हे. तो दाव्याचा पुरावाच होय. एरवी बखर मोडी लिपीत, कागदावर, कोणा धन्याच्या पृच्छेला उत्तर म्हणून लिहिली जाई. येथे ती देवळात येणाऱ्या सर्वांसमोर मांडली गेली. लेखक राजाश्रित आणि राजा कंपनीचा आश्रित, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी. प्राचीन कुलकथांच्या बाबतीत तिची साक्ष दुबळी आहे. १८०३ सालच्या एका मनाबद्दल मात्र इतकी बळकट साक्ष दुसरी क्वचितच मिळेल.

सत्ता नसलेल्या या राजाने भाषेत केलेले काम आपल्या वाङ्मयेतिहासात तळटीपेपलीकडे गेलेले नाही. त्यांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये इसापच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ निघाले. ‘देवेंद्र कुरवंजी’ तर अधिकच नवलाची : भविष्य सांगणाऱ्या कुरव स्त्रीचा तमिळ नाट्यप्रकार घेऊन तिच्या मुखाने पृथ्वीचा भूगोल मराठीत सांगितला आहे. काशीयात्रेत (१८२०–२२) त्यांनी पोथ्या जमविल्या. त्यांनी सरस्वती महालात भर पडली.

सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये वारले. पुत्रसंतान नाही या कारणास्तव कंपनीने तंजावरचे राजपदच संपुष्टात आणले.