ऊतींच्या रक्तपुरवठ्यातील घट : 'शॉक' या संकल्पनेचा ऐतिहासिक मागोवा (१८३१–१९४०)

प्रास्ताविक :
ऊती व अवयव यांना होणारा रक्तपुरवठा गरजेपेक्षा कमी झाला की पेशींना प्राणवायू अपुरा पडतो. ही स्थिती सर्व शरीरात निर्माण झाल्यास वैद्यकात तिला 'शॉक' म्हणतात. विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. तथापि या स्थितीचे कारण उलगडण्यास सुमारे तीन शतके लागली. हा विलंब केवळ साधनांच्या अभावामुळे झाला काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पटकीची साथ :
१८३१ मध्ये विल्यम ओशॉनेसी यांनी इंग्लंडमधील पटकीच्या रुग्णांचे रक्त तपासून त्यातील पाणी व क्षार मोठ्या प्रमाणात घटल्याचे दाखविले. मे १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे थॉमस लाटा यांनी अशा रुग्णांच्या शिरेतून क्षारजल दिले. त्यांची पहिली रुग्ण एक वृद्ध स्त्री होती. अर्ध्या तासात तिची नाडी परतली. परंतु जुलाब सुरूच राहिले, क्षारजल पुन्हा दिले गेले नाही आणि ती दगावली. हा उपाय प्रायः मरणासन्न रुग्णांवरच झाला. परिणामी तो निष्फळ ठरविला जाऊन विस्मृतीत गेला आणि पटकीच्या रुग्णांचे रक्त काढण्याची जुनी प्रथा मात्र टिकून राहिली.

युद्धभूमीवरील तर्क :
१८९९ मध्ये जॉर्ज क्राइल यांनी शॉकचे मूळ रक्तवाहिन्यांचे नियंत्रण करणाऱ्या मज्जाकेंद्राच्या थकव्यात शोधले. पहिल्या महायुद्धात वॉल्टर कॅनन व विल्यम बेलिस यांनी प्राण्यांच्या मांडीचे स्नायू चिरडले. पायाच्या मज्जातंतू तोडूनही रक्तदाब घसरला. दुखावलेल्या व निरोगी पायांच्या वजनांत फारसा फरक आढळला नाही. यावरून, रक्त वाया गेलेले नसून चिरडलेल्या स्नायूंतील विषारी द्रव्यच कारणीभूत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

प्रयोगशाळेतील उत्तर :
अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी १९३० मध्ये हाच प्रयोग कुत्र्यांवर केला; मात्र पायासोबत जांघ व कटिभाग यांचेही वजन केले. नाहीसा वाटणारा द्रव तेथेच साचला होता आणि रक्तदाबाची घसरण स्पष्ट करण्यास तो पुरेसा होता. त्याच वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेत रुजू झालेले १९ वर्षांचे कृष्णवर्णीय तरुण व्हिव्हियन थॉमस यांनी पुढील शॉकविषयक प्रयोगांचा मोठा भार वाहिला. विद्यापीठाच्या वेतनपटावर त्यांची नोंद मात्र सफाई कामगाराच्या श्रेणीत होती. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १९७६ मध्ये त्यांना सन्मान्य डॉक्टरेट प्रदान केली. दरम्यान, १९४० पासून युद्धातील जखमींसाठी रक्तद्रव मोठ्या प्रमाणात गोळा होऊ लागला, त्यामागे अभिसरणातील द्रव भरून काढण्याचा हाच विचार होता.

समारोप :
लाटा यांच्याजवळ उपाय होता. तो किती व किती वेळा द्यावा, हे ठरविण्याचे माप नव्हते. कॅनन व बेलिस यांच्याजवळ माप होते. ते अपुऱ्या जागी लावले गेले. अतएव विलंबाचे कारण केवळ साधनांची उणीव नव्हे, तर 'द्रव गेला कोठे?' हा प्रश्न शेवटपर्यंत न विचारणे, हेही होते. आजही केवळ रक्तदाबाच्या आकड्यावरून ऊतींचा रक्तपुरवठा पुरेसा असल्याचे मानता येत नाही. कारण आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या काही काळ रक्तदाब सावरून धरतात. मोजमाप कोठे संपते, याचे भान राखणे हा या इतिहासाचा सर्व ज्ञानशाखांना लागू पडणारा बोध होय.